दुडकीत जोडी बदलत राहा

दुडकी चालीत घोडा डावा पुढचा आणि उजवा मागचा अशा तिरप्या जोडीने पाय टाकतो. पोस्टिंग करताना, म्हणजे चालीच्या ठेक्यावर खोगिरात उठत-बसत जाताना, आपण दर खेपेला एकाच जोडीवर, म्हणजे तीच जोडी जमिनीला टेकताना, बसतो. रिंगणात दिशा बदलली की जोडी बदलायची शिस्त असते. ८० किंवा १६० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या) वाटेवर मात्र ती विसरते, आणि काही घोडे इतके लबाड की हळूच आपल्याला त्यांच्या सोयीच्या जोडीवर आणून बसवतात! खूण ठरवा: चढ संपला, पूल आला, की एक ठेका जास्त बसा, जोडी बदलते. जी बाजू अवघड वाटेल ती टाळू नका. खोगीर उतरवल्यावर पाठीवरचा घाम दोन्हीकडे सारखा आहे का, तेही बघा. एकाच रिकिबीवर भार दिला तर खोगीर तिकडे सरकतं.