जहाजावरचा कॅसिनो म्हणजे मंडईतली झंडीमुंडी नव्हे: या चुका टाळा

खत-बियाण्याचं टार्गेट पूर्ण झालं की कृषी केंद्रवाल्यांना परदेश सहल मिळते आणि त्यात हल्ली दोन-तीन रात्री क्रूझवरच्या असतात. पोळ्याला तीन पत्ती खेळलेला, मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, झंडीमुंडीच्या फाशांवर शंभराच्या नोटा लावलेला गडी कॅसिनोच्या दारात उभा राहून म्हणतो, "यात काय नवीन हाय?" भाऊ, नवीन हे आहे, की इथे पैसा दिसतच नाही.

खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात, त्याच कार्डावर जहाजावरचा सगळा खर्च चढतो. बहुतेक जहाजांवर तेच कार्ड मशीनमध्ये घालून खेळायला उचलही घेता येते. या उचलीवर बऱ्याच ठिकाणी ३ ते ५ टक्के शुल्क लागतं. २०० डॉलर उचलले आणि शुल्क ५ टक्के असलं, तर एकही पत्ता उघडण्याआधी १० डॉलर गेले. एवढं व्याज तर गावचा सावकारही पहिल्याच मिनिटाला कापत नाही. उतरायच्या दिवशी बिल येतं तेव्हा तोंडं उतरतात. उपाय जुनाच आहे, पाकिटं करा. चार रात्री आणि २०० डॉलर असतील तर ५०-५० ची चार पाकिटं. आजचं रिकामं झालं की डेकवर जाऊन वारा खा. उद्याच्या पाकिटाला हात नाही. कार्डावरची कॅसिनोची उचल बंद करता येते का, हे पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर विचारून घ्या.

दुसरी चूक शेवटच्या रात्रीची. वणीकडच्या एका दुकानदाराकडे रात्री दीड वाजता १४० डॉलरच्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी खेळायच्या चकत्या, होत्या: २५ च्या पाच, ५ च्या तीन. खिडकीपुढे रांग होती, म्हणून "सकाळी नगदी करू" म्हणत तो झोपायला गेला. सकाळी जहाज बंदराला लागलेलं, कॅसिनोचं शटर खाली, कॅशियरची खिडकी बंद. बॅग घेऊन तो शटरपुढे उभा आणि बाकीची मंडळी खाली बसमध्ये त्याच्या नावाने ओरडतायत. हे काही त्याचं नशीब नव्हतं. सहसा किनारपट्टीची हद्द, म्हणजे १२ सागरी मैल, जवळपास २२ किलोमीटर ओलांडल्यावरच जहाजावरचा जुगार सुरू होतो आणि परतताना हद्दीत शिरायच्या आधी बंद होतो. त्या चिप्स बाहेर कोणी घेत नाही. त्यातली एक आता त्याच्या काउंटरच्या काचेखाली, कीटकनाशकाच्या दरपत्रकाशेजारी आहे. मशीनमधून निघालेल्या, उरलेल्या पैशाच्या पावतीचंही तेच. शेवटच्या रात्री बारालाच उठा, रांग असो नसो.

डबल करत जाणाऱ्या हुशारांसाठी हिशेब. रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकावरच्या गोटीच्या खेळात, लाल रंगाला १० डॉलर, हरलात की २०, मग ४०, ८०, १६०, ३२०. सलग सहा वेळा हरलात की ६३० गेले, आणि सातवा डाव ६४० चा. टेबलावरच्या पाटीवर कमाल मर्यादा ५०० लिहिली असेल तर तो लावताच येत नाही. दोन शून्यांच्या चाकावर लाल न येण्याची शक्यता ३८ पैकी २० (१८ काळी घरं आणि दोन शून्यं). त्यामुळे सलग सहा हरणं साधारण ४७ वेळांत एकदा होतं. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

बसण्याआधी चाकावरची घरं बघा. एकच शून्य असेल तर ३७ घरं आणि लावलेल्या पैशात कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्के, दोन शून्यं असतील तर ३८ घरं आणि ५.२६ टक्के. ब्लॅकजॅकच्या, म्हणजे २१ च्या पत्त्यांच्या खेळाच्या, टेबलावर "६ ला ५" छापलेलं असेल तर उठा. पहिल्याच दोन पत्त्यांत २१ झाले की १० डॉलरवर जिथे १५ मिळायला हवेत तिथे १२ मिळतात.

बाकीचं थोडक्यात. नोट डीलरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. "नो मोअर बेट्स" म्हटल्यावर चिप हलवायची नाही. टेबलापाशी मोबाईल खिशातच राहू द्या. बायकोला व्हिडिओ कॉल नंतर. मशीनमध्ये कार्ड विसरलात तर पुढचा माणूस तुमच्या खात्यावर खेळेल.

जिंकलात तर आपल्याकडे त्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस आहे; हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

आणि राजेहो, जहाज सिंगापूरहून सुटणार असेल तर खर्रा घरीच ठेवा. तिथे चघळायच्या तंबाखूला बंदी आहे आणि "भाऊ, एकच पुडी हाय" हे तिथल्या कस्टमवाल्याला समजत नाही.