डिझाइनच्या क्रिटमध्ये (सरांसमोर काम मांडून होणाऱ्या चर्चेत) ‘वाचता येत नाही’ असं ऐकलंत तर
सरांनी पोस्टरवर बोट ठेवून ‘हे वाचता येत नाही’ म्हटलं, की ‘स्क्रीनवर नीट दिसत होतं’ असं सांगत बसू नका. ‘नजर नेमकी कुठे अडली?’ एवढंच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, तिथेच प्रिंटवर पेन्सिलीने लिहा. मग कारण शोधा. गडद रंगावर बारीक पांढरी देवनागरी अक्षरं असतील तर शाई पसरून अनुस्वार, रफार बुजतात. छपाईत चार रंगांच्या चार प्लेट असतात; त्यांपैकी एक केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडेला रंग डोकावतो. फॉन्ट बदलायची घाई नको. आधी फॉन्टचं वजन (रेषांची जाडी) एका पायरीने वाढवा, अक्षर थोडं मोठं करा, 100 टक्के आकारात पुन्हा प्रिंट काढा. पुढच्या क्रिटला जुनी आणि नवी प्रत शेजारी-शेजारी लावा.