भंगारातून लोहारकामाचं लोखंड आणताना

निघण्याआधी घरीच ठरवा की बनवायचं काय आहे. छिन्नी, पोगर (भोक पाडायचं हत्यार), सुरी, कोयता यांना पाणी देता येईल, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कठीण करता येईल, असं पोलाद लागतं. कडी, आकडा, गज यांना साधं मऊ लोखंड पुरतं. हे ठरलं नसेल तर आकार बघून माल उचलला जातो. भंगारात मात्र आकारापेक्षा वस्तूचं आधीचं काम महत्त्वाचं. जे लोखंड आयुष्यभर वाकून परत सरळ होत होतं, कापत होतं किंवा झीज सोसत होतं, तेच बहुतेक वेळा तुमच्या कामाचं.

पिशवीत मोठं लोहचुंबक, वायर ब्रश, टेप, खडू, जाड गोणपाट, बेअरिंगची एक गोळी आणि दाते शाबूत असलेली कानस असू द्या. पायात बूट, हातात चामड्याचे मोजे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. चुंबकाने बरंचसं स्टेनलेस बाजूला काढता येतं, पण चुंबक चिकटलं म्हणजे चांगलं पोलाद मिळालं असं होत नाही. तिथे कानस लागते. ती घसरली तर तुकडा कठीण आहे, चावली तर मऊ. दुकानदाराला विचारून कोपऱ्यावरच घासा.

गाडीच्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. ट्रकच्या कमानीचे पाटे हा माझ्या मते नवशिक्यासाठी मुंबईतला सर्वांत भरवशाचा माल: कार्बन (त्याच्यामुळेच पोलाद कठीण होतं) साधारण ०.५ ते ०.६ टक्के, जाडी सोयीची, आणि तेलात पाणी दिलं तरी चांगलं कठीण होणारं. फक्त पाटा तुटला म्हणून भंगारात आला असेल तर तुटल्या जागेजवळच्या भागाला हात लावू नका. वर्षानुवर्षं वाकून पडलेल्या बारीक भेगा गंजाखाली दिसत नाहीत आणि सुरी तयार झाल्यावर, पाणी देताना उघडतात. ब्रशने घासून उजेडात तिरका धरून बघा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग सोडूनच द्या. बेअरिंगच्या कड्यांत कार्बन सुमारे १ टक्का असतो, पण ती थंड असताना हातोड्याने फोडू नका, कपची डोळ्यात जाते. गुंडाळी स्प्रिंग सुटी असेल तरच घ्या. शॉकॲब्सॉर्बरची बंद नळी भट्टीत गेली तर ती फुटते.

अवजारांसाठी चोर बाजार, मटन स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. सांडशीचा खिळा ढिला असला तरी चालेल, तो बदलता येतो. हातोड्याच्या तोंडाच्या कडा बाहेर पसरलेल्या असतील तर घरी घासून काढल्याशिवाय एकही घाव घालू नका. जुन्या कानशी जरूर घ्या. त्यांना किलोच्या भावात फेकलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण चांगल्या कानशीत १ टक्क्याहून जास्त कार्बन असतो आणि लाल करून राखेत सावकाश थंड केली की तिची सुरेख सुरी होते. ऐरणीवर बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून सोडा. ती जोरात उसळली तर उत्तम; बद्द आवाज करून पडली तर ऐरण बहुधा बिडाची आहे.

ऐरण महाग वाटली तर रे रोडजवळच्या दारूखाना भागात जाड लोखंडी ठोकळा शोधा. जहाजं तोडण्याच्या धंद्यामुळे तिथे जाड माल मिळतो. पांढरं तंतुमय आवरण गुंडाळलेल्या पाइपांपासून लांब राहा, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. रुळाचा तुकडा पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जस्ताचा मुलामा असलेले पाइप, पत्रे आणि पिवळट चमकणारे बोल्ट आणूच नका. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, भट्टी त्याहून तापते, आणि तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. जुना रंगही तापवण्याआधी काढा, त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासून धूळ उडवू नका.

घरी आणल्यावर प्रत्येक तुकड्यावर तो कशाचा होता ते रंगाने लिहा आणि तेलाचा हात फिरवा, इथली हवा खारट आहे. मग प्रत्येक पाट्याची एक अरुंद पट्टी कापून लाल करा. चुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडा ताव देऊन कोमट तेलात बुडवा. तेलाच्या डब्याचं झाकण हाताशी हवं. पट्टी थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरा, वर फडकं टाका, चष्मा लावा आणि ठोका. कडकन तुटून बारीक राखाडी कण दिसले तर तो पाटा सुरीसाठी ठेवा. नुसतीच वाकली तर तो आकड्यांच्या ढिगात टाका.