आधी बसून बघा, मग मांडामांड

घरात प्रार्थनेसाठी जागा करायची म्हटलं की आपण आधी खरेदीला निघतो. माझं ऐकाल तर अजून काहीच आणू नका. तुम्हाला ज्या वेळी बसायचंय, नेमक्या त्याच वेळी घरातल्या दोन-तीन कोपऱ्यांत थोडा वेळ बसून बघा. दुपारी निवांत वाटणारा कोपरा सकाळी सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येतो, नाहीतर पलीकडून पंपाची घरघर सुरू होते. आमच्याकडे शेवटी कपाट आणि खिडकी यांच्यामधली चिंचोळी जागा कामी आली. बाहेरच्या खोलीत ऐसपैस जागा होती, पण तिथे टीव्ही आहे. टीव्हीशी भांडत कसली प्रार्थना!

तीन फूट लांब-रुंद जागा पुष्कळ झाली. दार शक्यतो पाठीमागे नको, कोण आलं याकडेच निम्मं लक्ष राहतं.

खरी मेहनत घ्यायची ती बसण्यावर. मांडी घालून बसणार असाल तर जाड चादरीची घट्ट घडी करून बुडाखाली घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आली की पाठ आपोआप ताठ राहते. मऊ फोमची उशी बसल्यावर दबते आणि आपणही पोक काढून बसतो. तरी गुडघे खालीच येत नसतील तर दोन्ही मांड्यांखाली उशा सारा. माझे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून मी सरळ खुर्ची घेते. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, न टेकल्यास खाली पाट घ्यायचा. श्रद्धा काही गुडघ्यांत नसते.

समोर काय ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं: मूर्ती, तसबीर, क्रॉस, ग्रंथ. देव मानत नसाल तर नदीतून आणलेला एखादा गोटाही चालेल. पण नजर ठरेल अशी वस्तू एकच असू द्या, आणि ती बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी, म्हणजे मान अवघडत नाही. शेजारी मी एक वही आणि पेन्सिल ठेवते. डोळे मिटले की गॅस बंद केला का, कुणाला फोन करायचा राहिला, हे सगळं नेमकं तेव्हाच आठवतं. दोन शब्द खरडायचे आणि परत डोळे मिटायचे. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

विजेचा दिवा पिवळसर, 2700 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा, बाजूने उजेड देणारा बरा. ज्योत लावणार असाल तर खाली धातूची ताटली, पडदे आणि कागद किमान फूटभर लांब, वर फळी नको. मेणबत्तीची वात दर वेळी कापून पाव इंचच ठेवली की काजळी कमी धरते. उठताना ज्योत विझवायचीच, मग घरात माणसं असली तरी. उदबत्ती लावलीत तर खिडकी उघडी ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर ती नकोच.

आता घरातल्यांचं. सपाट जागा दिसली की तिथे चाव्या, बिलं, चष्मे येऊन पडतात. रागावून उपयोग नाही. दाराजवळ एक टोपली ठेवा आणि बसण्याआधी सापडेल ते सगळं तिच्यात टाका. आमच्याकडे आता चष्मा हरवला की आधी टोपलीच बघतात.