फनेल लावला, पण बाटलीत एकही जीव उतरेना: माझा अनुभव

पाचोळ्याखालच्या मातीतले स्प्रिंगटेल (बिनपंखी, सहा पायांचे इवले जीव) आणि माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव) मोजायला बल्बचा फनेल लावला. वरच्या बल्बच्या उबेने माती सुकत जाते, जीव खाली सरकतात आणि नरसाळ्यातून बाटलीत पडतात. माझ्या बाटलीत मात्र नुसता चुरा. बल्ब मोठा केला, माती चाळून घेतली, शून्य. आठवडा वाया गेला. चूक घाईची होती: माती झटकन तापली की हे जीव खाली सरकण्याआधीच सुकून मरतात.

मग मातीचा गोळा न फोडता, उलटा करून २ मिमी जाळीवर ठेवला. मातीतल्या पोकळ्या वरच्या थरात मोठ्या असतात, म्हणून उलटा. खाली आधी कागद, पडलेला चुरा परत वर, आणि मगच ७० टक्के अल्कोहोलची बाटली. पहिला दिवस बल्ब बंद. नंतर २५ वॉटचा, बराच उंच. रोज थोडा खाली.

पाचव्या दिवशी पांढरे स्प्रिंगटेल तरंगताना दिसले. बुरशी खाऊन पाचोळा कुजण्याच्या वेगावर परिणाम करणारी ही मंडळी. माइट तळाशी होते, भिंगाशिवाय दिसले नसते.