लुत्रो: क्रीटमधील मोटाररस्ता नसलेल्या गावी कसे जावे

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लुत्रो या छोट्या गावाला मोटाररस्ता नाही. तेथे बोटीने जावे लागते किंवा पायी. गावाची शांतता मुख्यत्वे त्यामुळेच टिकली आहे, म्हणून प्रवासाची आखणी बोटींच्या वेळापत्रकापासूनच सुरू करावी.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह अनेक युरोपीय देशांना चालणारा सामाईक व्हिसा, लागतो. त्यासाठी प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यातील गर्दी पाहता ही मुभा वापरावी. मे, जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात बहुतेक खाणावळी व खोल्या बंद असतात.

क्रीटमधील हानिया शहरातून निघणारी बस लेफ्का ओरी पर्वत ओलांडून होरा स्फाकियॉन बंदराशी उतरते आणि तेथून बोटीने साधारण वीस मिनिटे लागतात. वारा जोराचा असला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे परतीचे विमान त्याच दिवशीचे कधीही घेऊ नये. रोख युरो हानियातच काढून ठेवावेत आणि चाकांची जड बॅग आणू नये.

पायी जाणाऱ्यांनी होरा स्फाकियॉनहून सकाळी लवकर निघावे, कारण कड्याच्या कडेने जाणाऱ्या अरुंद, दगडी पायवाटेवर सावली जवळजवळ नाही. साधारण अर्ध्या वाटेवर ग्लिका नेरा हा गोट्यांचा किनारा लागतो. पर्वतात मुरलेले पाणी येथे किनाऱ्याखालून झिरपते. लाटांपासून थोडे मागे हाताने गोटे उकरले की खळग्यात थंड, गोडे पाणी साचते. समुद्राला खेटून असे पाणी मिळावे, हे मला संपूर्ण वाटेवरील सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना लुत्रो फारसे कळत नाही. निदान दोन रात्री राहावे. दुपारच्या जेवणानंतर गावकरी विश्रांती घेतात, तेव्हा मोठ्याने बोलणे टाळावे. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही: भरलेल्या भाज्या, उकडलेल्या रानभाज्या, आणि मिझिथ्रा चीज भरून तव्यावर भाजलेली, वर मध ओतलेली स्फाकियाची पातळ पोळी अवश्य मागवावी. जेवणानंतर न मागताच समोर येणारी राकी ही स्थानिक दारू बहुधा यजमानाकडून असते; मद्य घेत नसल्यास हसून नकार दिला तरी चालते. स्वच्छतागृहातील कागद मात्र भांड्यात न टाकता शेजारच्या टोपलीतच टाकावा, कारण तेथील सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असतात.