जर्दाळूची कडू बी थुंकून टाका

जर्दाळू खाऊन झाला की त्याची टणक बी बत्त्याने फोडून आतला बदामासारखा गर मुलांच्या हातावर ठेवला जातो. त्याआधी प्रत्येक गराचा कणभर तुकडा स्वतः चावून बघा. कडू लागला तर थुंका आणि उरलेला टाकून द्या. हा कडूपणा अमिग्डालिन नावाच्या रसायनाचा. बी अख्खी असते तोवर ते निवांत पडून असतं. चावली की बीमधलंच विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं आणि हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की एका वेळी तीनपेक्षा जास्त छोटे कच्चे गर खाल्ले तर मोठ्या माणसाचीही सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. तान्ह्या-रांगत्या मुलांना एकही जास्तच. ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून कुणी हेच अमिग्डालिन कॅन्सरवर सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. ते जीवनसत्त्व नाही आणि त्याने कॅन्सर बरा होत नाही.

सफरचंदाच्या बियांतही अमिग्डालिन असतं. एखादी बी गिळली गेली तर घाबरू नका, मिक्सरला लावताना मात्र बिया काढाच. बिया खाल्ल्यावर चक्कर, उलटी, धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.